नववा प्रश्न

देवा, दिवा लावला आहे. उदबत्ती कालच संपली, तेवढं चालवून घे. आज स्तोत्र म्हणत नाही, आज बोलायचं आहे. आमच्या धंद्यातल्या माणसाला बोलायला मिळतं कुठं? दिवसभर समोरच्याचं ऐकायचं, मान हलवायची, मध्येच "मग?" म्हणायचं आणि संध्याकाळी घरी येऊन भाकरी थापायच्या. शहरातल्या समुपदेशकांच्या डोक्यावर एक अनुभवी समुपदेशक असतो. ठरलेल्या दिवशी त्याच्यापुढे बसून आपल्या मनातला गाळ उपसायचा आणि त्यानं चुका दाखवायच्या. जऊळक्यात तो पदभार मी तुझ्याकडे सोपवला आहे. तुला विचारलं नव्हतं. काम बिनपगारी आहे आणि बदली होत नाही.

आत्ताच अकोल्याकडे मालगाडी गेली. मांडणीवरची ताटं वाजली, तुझ्या देव्हाऱ्यातली घंटीही जराशी किणकिणली. ही किणकिण ऐकतच मी मोठी झाले. गावाच्या नावातच रेल्वे आहे आमच्या, जऊळका रेल्वे. बाबा या अकोला–पूर्णा लायनीवर चाबीवाले होते. तेव्हा ती मीटरगेज होती, लोक छोटी लाईन म्हणत. पहाटे खांद्यावर हातोडा नि पाना घेऊन, झेंड्या बगलेत मारून बाबा निघायचे. ठरलेला टापू रोज पायी तुडवायचा, जाताना एक रूळ बघायचा, येताना दुसरा. रूळ धरून ठेवणारी चाबी ढिली लागली की ठोकून बसवायची. थंडी असो, पाऊस असो, पोळा असो. आषाढीसाठी निघालेली शेगावची पालखी मेडशी, डव्हा, मालेगाव, शिरपूर करत रिसोडकडे जायची, सारा तालुका वाटेवर लोटायचा आणि बाबा लायनीवर असायचे. तुला त्यांनी कधी सुट्टी घेऊन हात जोडले नाहीत. सूर्य वर आला की हातोडा खाली टेकवून टोपी काढायचे, तेवढीच तुझी पूजा.

एकदा सातवी-आठवीत असताना मी त्यांच्यासोबत डबा घेऊन गेले होते. बाबा एकेका चाबीवर हातोडा टेकवत चालले होते. मला कंटाळा आला. मी म्हटलं, ढिली चाबी बघून कळत नाही का, सगळ्याच कशाला ठोकता? बाबा म्हणाले, "दिसाले साऱ्या सारख्याच असतात वं पोरी. ठोकल्याबिगर नाही समजत." बसलेली चाबी टणकन बोलते आणि ढिली भदकन, हे त्यांनी मला वाजवून दाखवलं. माझ्या कानाला दोन्ही सारखेच लागले. बाबा हसले. २००८ साली लाईन मोठी झाली, पण त्याआधीच बाबा निवृत्त झाले होते. पहिल्या मोठ्या गाडीच्या दिवशी ते स्टेशनावर गेले होते आणि घरी येऊन म्हणाले, आवाज बदलला.

तुला हे सगळं ठाऊक आहे. तरी सांगते, कारण सांगितल्याशिवाय माणसाला आपलंच बोलणं ऐकू येत नाही. ही गोष्ट मला पुस्तकानं शिकवली असती तर बरं वाटलं असतं, पण ती मी दुसऱ्यांच्या तोंडून शिकले. बाई तासभर नवऱ्याची तक्रार सांगते आणि शेवटी स्वतःच थांबून म्हणते, "म्हंजे मले त्याचा राग नाहीच, मले भेव वाटते." मी त्या तासभरात चार शब्द बोललेली असते.

पुस्तकांचंही ऋण आहे, ते नाकारत नाही. अकोल्याच्या कॉलेजात बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं ते मनाची ओढ वगैरे काही नव्हती. अर्थशास्त्राच्या वर्गाची वेळ माझ्या गाडीशी जुळत नव्हती, एवढंच. आईनं विचारलं, यात नोकरी लागते का? मी म्हटलं, वेड्यांचा डॉक्टर होता येतं. तेही खोटंच होतं, पण आई चार दिवस गप्प बसली. पहिल्या वर्षी आरशात बघून ताऱ्याची आकृती गिरवायचा प्रयोग होता. हात उलटाच जायचा, सगळा वर्ग खिदळायचा. प्रात्यक्षिकाच्या वहीत उंदीर, चक्रव्यूह, इदम्, अहम्, पराहम् असं सगळं सुबक अक्षरात लिहिलं. त्यातलं मला काय समजलं हे तुलाच माहीत. गावातल्या कुठल्याही माणसाला मी त्यात बसवू शकत नव्हते.

मग एका जाड पुस्तकात कार्ल रॉजर्स भेटला. हा १९०२ सालचा अमेरिकन माणूस. बारा वर्षांचा असताना त्याचं बिऱ्हाड शेतावर गेलं, कॉलेजात तो आधी शेतकीच शिकायला लागला, मग पाद्री व्हायला निघाला आणि तिथून आमच्या शास्त्रात शिरला. त्यानं आपल्या लहानपणची एक आठवण लिहून ठेवली आहे. त्यांच्या घराच्या तळघरात हिवाळ्यासाठी बटाटे साठवलेले असत. वरच्या लहानशा खिडकीतून येईल तेवढाच उजेड. तरी त्या बटाट्यांना फिक्कट कोंब फुटायचे आणि ते कोंब दोन-दोन, तीन-तीन फूट लांब होऊन खिडकीकडे जायचे. रॉजर्सला म्हणायचं होतं की उद्ध्वस्त वाटणारी माणसं अशीच उजेडाकडे धडपडत असतात, फक्त त्यांची धडपड आपल्याला विचित्र दिसते. हे वाचलं तेव्हा मी वाचता वाचता उठले आणि आमच्या कोठीतल्या कांद्यांना फुटलेले कोंब बघून आले. त्या दिवसापासून मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी झाले असं मी धरते. पदवीच्या कागदावरची तारीख वेगळी आहे.

एम.ए. झालं, लग्न झालं, मोडलं. त्याविषयी तुझ्याशी पूर्वी पुष्कळ बोलून झालं आहे, आज नको. माहेरी परत आले आणि २००७ मध्ये एका ग्रामीण रुग्णालयातल्या एच.आय.व्ही. समुपदेशन व चाचणी केंद्रात कंत्राटी नोकरी लागली. दारावर पाटी होती: समुपदेशक. लोकांना तो शब्द उच्चारता यायचा नाही. कुणी "समुद्रशक" म्हणे, कुणी "उपदेशवाली बाई". दुसऱ्या नावाचा मला तेव्हा राग यायचा. आज वाटतं की लोक बरोबर बोलत होते, कारण पहिली दोन वर्षं मी उपदेशच केला.

एक बाई आठवते. गरोदर होती, तपासणीचा कागद आला. मी प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे शांत आवाजात सांगितलं की तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आहे. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं, एवढं इंग्रजी तिला येत होतं. देवा, ते हसू मी माझ्या तोंडानं पुसलं. आणि पुसल्यावर मी घाबरून बोलत सुटले. गोळ्या फुकट मिळतात, २००४ पासून सरकार देतं, अकोल्याला जायचं, बाळाला लागण होऊ नये म्हणून औषध आहे, नियमित घेतलं तर आयुष्य भरपूर आहे. सगळं खरं होतं. तिनं त्यातला एक शब्द ऐकला नाही. शेवटी ती म्हणाली, "बाई, तुमी थोड्या चूप बसता का?" मी चूप बसले. किती वेळ, आठवत नाही. मग तिनं पहिला प्रश्न विचारला, आणि तो आजाराचा नव्हता, सासूला काय सांगू हा होता. मी दिलेल्या माहितीत त्याचं उत्तर नव्हतं. माझ्या शिक्षणाचं दुसरं वर्ष तिथून सुरू झालं असं समज. तिचं मूल निरोगी आहे. कधी बाजारात दिसतं. मी ओळख दाखवत नाही, ते बरोबरच आहे.

ओळख दाखवायची नाही, हे शहरात सोपं असेल. इथं मी ज्याचं दुःख सकाळी ऐकते, त्याच्याच पिठाच्या गिरणीत दुपारी दळण नेते. पुस्तक सांगतं की समुपदेशकाचं आणि येणाऱ्याचं दुसरं कुठलंही नातं असू नये. जऊळक्यात जो येतो तो एकतर मामा असतो, नाहीतर काका, नाहीतर आत्याच्या दिराचा मेव्हणा. पुस्तक म्हणतं, भेटवस्तू घेऊ नये. मग दारात ठेवून गेलेल्या मेथीच्या जुडीचं काय करायचं? परत केली तर माणूस तुटतो. मी भाजी घेते आणि नियम मोडल्याची नोंद तुझ्याकडे करते. गुपितं मात्र पोटात ठेवली आहेत, अर्ध्या गावाची. हळदी-कुंकवाला बसले की भोवती तीच माणसं, तेच हसरे चेहरे, आणि कुणाच्या पदराखाली काय आहे हे मला माहीत असतं. असं ओझं तू कसं वाहतोस, आणि तुझी कंबर कशी दुखत नाही? की दुखते म्हणूनच हात कमरेवर ठेवून उभा आहेस?

थट्टा केली, माफ कर.

शब्दांचं सांगायचं आहे. आमच्याकडे नैराश्य कुणाला होत नाही. होतं ते असं: "करमत नाही", "जीव लागत नाही कशात", "डोकं भणभण करते", "पोटात कसंतरीच होते", "काही सुचून नाही रायलं". बाप्यांना तर एवढंही होत नाही, त्यांचं फक्त "टेन्शन हाये थोडं". हे शब्द ऐकायला मला दहा वर्षं लागली. जो म्हणतो "मी आता साऱ्यातून मोकळा झालो", तो मोकळा झालेला नसतो. जो अचानक उसनवारी फेडतो, बैल विकतो, बहिणीला न बोलावता भेटून येतो, त्याच्याकडे जास्त लक्ष द्यायचं. पुस्तकात याला धोक्याच्या खुणा म्हणतात. बाबा असते तर म्हणाले असते, आवाज बदलला.

विवेकनिष्ठ उपचारपद्धतीही शिकले, अल्बर्ट एलिसची. ती मराठीत रुजवण्यात कि. मो. फडक्यांचा मोठा वाटा. मुंबईत बसून, न्यू यॉर्कच्या एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ते ही पद्धत शिकले आणि त्यांनी ती इतरांना शिकवली. ठाण्याच्या डॉ. आनंद नाडकर्णींचं 'स्वभाव-विभाव' वाचून मला एलिस पहिल्यांदा आपल्या भाषेत बोलताना ऐकू आला. घटना माणसाला छळत नाही, घटनेविषयीचा हट्ट छळतो, असं त्याचं म्हणणं. मी अनेकांना यातून बाहेर येताना पाहिलं आहे. पहिल्या नंबरानं पास व्हायलाच हवं म्हणणारी मुलगी, सुनेनं आपल्या मनासारखंच वागावं म्हणणारी सासू, यांना ही पद्धत अगदी मानवते. पण देवा, एक कबूल करते. वावरात बांधाला बसून एका कास्तकाराला मी हे समजावत होते. पाऊस पडलाच पाहिजे हा आपला हट्ट झाला भाऊ, वगैरे. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, माया हट्ट नाही तो. कर्जाच्या कागदावर हप्त्याची तारीख लिवेल हाये." तो बरोबर होता. विचार बदलायचा की परिस्थिती, हे आधी नीट पाहायला हवं. काही दुःखांचा इलाज तहसीलमध्ये असतो, बँकेत असतो, आणि मी उगाच माणसाच्या डोक्यात शोधत बसते. आता मी माझ्या पिशवीत प्रश्नांच्या कागदासोबत पीकविम्याचा अर्जही ठेवते. मुंबईचे तज्ज्ञ याला उपचार म्हणणार नाहीत. तू म्हणशील.

प्रश्नांवरून आठवलं. आपल्या वऱ्हाडात शेंडगावचे गाडगेबाबा होऊन गेले. अमरावतीचं विद्यापीठ २००५ पासून त्यांच्या नावाचं आहे. गाडगेबाबा कीर्तनात सांगायचे कमी, विचारायचे जास्त. समोरची अडाणी माणसं उत्तरं द्यायची आणि उत्तर देता देता स्वतःच चमकायची. ग्रीसच्या सॉक्रेटिसाचं नाव घेऊन आम्हाला प्रशिक्षणात जी प्रश्नपद्धती शिकवतात, ती खराटा घेऊन इथल्याच रस्त्यांवर फिरत होती. प्रशिक्षण देणाऱ्या साहेबांना मी तसं म्हणाले, तेव्हा ते हसले आणि पुढच्या स्लाइडवर गेले.

आता ज्यासाठी आज बसले आहे ते सांगते. इकडचं तिकडचं बोलून मी ते लांबवते आहे, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. माझ्यापुढे बसणारेही असंच करतात. खरी गोष्ट उठून जाताना दाराशी सांगतात.

आमच्याकडे एक नऊ प्रश्नांची यादी असते. मागच्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, भूक कशी होती, कामात मन लागलं का, असे प्रश्न. दर प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. अमेरिकेत काही डॉक्टरांनी ती तयार केली, खर्च एका औषध कंपनीनं दिला, यावर मी एके काळी नाक मुरडलं होतं. पण यादी कामाची आहे, फुकट आहे आणि मराठीत आहे. त्यातला नववा प्रश्न असा: मेलेलं बरं, किंवा स्वतःला काही करून घ्यावं, असे विचार मनात येतात का?

राज्य सरकारनं २०१५ मध्ये मराठवाडा आणि पश्चिम विदर्भाच्या चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला. त्यात वाशीमही आहे. आशाताई घरोघर जाऊन विचारपूस करतात, कुणाचं बिनसलंय ते टिपतात. अशाच एका विचारपुशीनंतर पाच वर्षांपूर्वी आशाताई मला एका घरी घेऊन गेली. तुळशीचं लग्न झालं होतं. घरात मुलीच्या लग्नाची गडबड. खाटेवर पत्रिकांचा गठ्ठा, एकेक पत्रिका उचलून पोरीची आई गणपतीला हळदी-कुंकवाचं बोट लावत होती. घरधनी पंचावन्नच्या आसपासचा. मी म्हटलं, काका, नऊच प्रश्न आहेत, पाच मिनिटं लागतील. त्यानं एकेक उत्तर दिलं. झोप नाही. भूक नाही. कामात मन नाही. आठ झाले. नवव्याला माझी नजर त्या ओल्या कुंकवावर गेली. लग्नघरात मरणाचा शब्द काढायचा? वास्तू तथास्तु म्हणते, असं आई सांगायची. मी कागदावर नवव्या ओळीत शून्य मांडलं, चहा घेतला आणि उठले.

अकराव्या दिवशी त्यानं स्वतःला संपवायचा प्रयत्न केला. वेळेवर कळलं, वाचला. ते तुझं काम, मी त्यात कुठंच नव्हते. मी भेटायला गेले तेव्हा तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजला होता. बऱ्याच वेळानं, न वळता, म्हणाला, "तुमी नऊ प्रश्न म्हनल्या होत्या. म्या मोजले. आठच झाले." मग थोडं थांबून, "नववा इचारतीन, मंग सांगू, असं होतं मनात."

देवा, हे मी आजवर कुणालाही सांगितलं नाही. कामाच्या अहवालात ते शून्य अजून तसंच आहे.

मला माहीत होतं. प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की मरणाचा विचार विचारल्यानं माणसाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. असलाच तर तो आधीच शिरलेला असतो, आणि विचारल्यावर उलट त्याला जराशी हवा लागते. परीक्षेत मी हे लिहून गुण मिळवले होते. पण ऐनवेळी माझ्यातली अमरावती विद्यापीठाची एम.ए. बाजूला झाली आणि माझ्या आईची पोर पुढं आली. म्हणून तुझ्याकडे पहिलं मागणं हे, की तो जो कुणी वास्तूत बसून तथास्तु म्हणतो, तो तुझ्याच खात्यातला असेल ना, त्याला समज दे. म्हणावं, ही बाई अभद्र बोलायला येत नाही. ही हातोडा टेकवायला येते. तेवढा वेळ गप्प बस.

तो माणूस आज बरा आहे. वाशीमच्या डॉक्टरांच्या गोळ्या त्यानं सांगितल्या तेवढे महिने घेतल्या. फवारणीचं औषध आता तो घरात ठेवत नाही, चुलतभावाच्या कोठीत कुलपात असतं आणि किल्ली वहिनीकडे. ही साधी युक्ती. घातक वस्तू हाताशी नसली की तो एक क्षण टळतो, आणि टळलेल्या क्षणानंतर पुष्कळ माणसं म्हातारी होऊन मरतात. पोरीचं लग्न पुढं ढकललं पण झालं. तिला मुलगा आहे. काका मला रस्त्यात रामराम घालतो. मी पण घालते. माझी मान आधी खाली जाते.

त्या वेळी त्याच्या घरच्यांना पोलिसांची फार धास्ती होती. मी त्यांना सांगितलं की आता तसं नाही. १८६० पासूनचं ते कलम ३०९ होतं, मरू पाहून वाचलेल्या माणसाला गुन्हेगार ठरवणारं. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ च्या मेमध्ये लागू झाला आणि त्यानं म्हटलं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चाला, त्याला शिक्षा नको, उपचार द्या. सरकारी कागदात इतकी कणव मी फार कमी वेळा वाचली आहे. तो मसुदा लिहिणाऱ्यांच्या हाताला तूच धक्का दिला असशील तर तुझे आभार. २०२२ च्या ऑक्टोबरपासून १४४१६ हा नंबरही आहे, टेली-मानस म्हणतात. रात्री दोन वाजतादेखील कुणीतरी आपल्या भाषेत बोलतं. मी तो पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर, सोसायटीच्या दुकानात, रसवंतीच्या फळीवर खडूनं लिहून ठेवते. पाऊस आला की पुसला जातो, मी परत लिहिते. एवढं मात्र बघ, की ज्याला तो नंबर लावावासा वाटेल त्याच्या फोनात तेव्हा चार्जिंग असू दे. आमच्याकडे लाईट जाते.

आणि हे काम फक्त माझ्यासारख्या शिकलेल्यांचं नाही, हेही मला कळलं आहे. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९६ मध्ये 'संगाथ' सुरू केलं. साध्या माणसांना शिकवलं तर ती समुपदेशन करू शकतात, हे त्यांनी मोजून दाखवलं. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तीस गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. आधी नैराश्यातल्या शंभर माणसांपैकी जेमतेम ४ मदतीपर्यंत पोचायची, दीड वर्षानं २७ पोचू लागली. मी हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा नाचावंसं वाटलं. मग उरलेली त्र्याहत्तर माणसं आठवली. ती कुठं बसली असतील? बांधावर, पारावर, स्टेशनच्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत.

माझ्यासाठी काय मागू? शहाणपण नको. ते आलं की मी उपदेश करते. लवकर रडू येतं, ते थोडं लांबव, समोरच्याचं आधी होऊ दे. रात्री झोप दे, नाहीतर दुसऱ्या दिवशी कान ऐकत नाहीत. बायका अंगात आलेली सून घेऊन आधी भगताकडे जातात आणि मग माझ्याकडे, तेव्हा माझ्या तोंडून कुत्सित शब्द जाऊ देऊ नकोस. तिच्या अंगात तूच आला असशील तर मला तसं कळव. नसशील तर तिला तिच्या मनातलं अंगात न येता बोलता येईल अशी एखादी जागा त्या घरात कर. आणि आशाताईचा मोबदला वेळेवर होऊ दे. हे मागणं तुझ्याकडे करायचं की जिल्हा परिषदेकडे, मला कळत नाही, पण तिथं मागून झालं आहे.

उद्याचं घर सांगते. पोरगा सव्वीस वर्षांचा. पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करत होता, चार वर्षं. दिवाळीला आला तो परत गेला नाही. तीन आठवडे झाले, खोलीबाहेर येत नाही, जेवण दाराशी ठेवावं लागतं. त्यानं आपली सगळी पुस्तकं गावातल्या पोरांना वाटून टाकली. घरच्यांना वाटतं, मन मोठं आहे. मला ते पुस्तकं वाटणं आवडलेलं नाही. त्याची आई माझी वर्गमैत्रीण, एकाच बाकावर बसायचो आम्ही. ती पोहे करील. माझ्या शेजारी बसेल, माझा हात धरील. आणि मला तिच्यादेखत, किंवा तिला हळूच बाहेर पाठवून, तिच्या पोराला ते विचारायचं आहे. फुलात गुंडाळून नाही. "असंतसं काही मनात येत नाही ना?" असंही नाही. त्यात 'नाही' हे उत्तर आपणच देऊन टाकलेलं असतं. सरळ, मरणाचा शब्द उच्चारून. आणि तो हो म्हणाला तर दचकायचं नाही, उठायचं नाही, त्याला तुझी शपथ घालायची नाही. पुढचं विचारायचं: कधीपासून, किती वेळा, काही ठरवलं आहे का. मग तो एकटा राहणार नाही याची व्यवस्था करायची आणि डॉक्टरांकडे सोबत जायचं, सांगून पाठवायचं नाही. सोबत. साडेदहाची गाडी आहे. दुपारच्या आत वाशीमला पोचू.

नको तिथं तू मध्ये बोलू नकोस, देवा. तुझी सवय चांगली आहे, तशीच ठेव. फक्त आठवा प्रश्न संपल्यावर माझा घसा सुकतो, तेव्हा तिथं अस.

दिवा आता वाऱ्यानं फडफडतो आहे, तो विझण्याआधी आवरते. आशाताई सकाळी आठला फाट्यावर उभी राहणार आहे. कागद पिशवीत घातला आहे, नवव्या ओळीखाली पेनानं दोनदा रेघ मारून.